परदेशात फ्लॅट घ्यायला पर्सनल लोन? आधी ए-टू फॉर्म वाचा

माझा भाचा अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी गंगापूर रोडवरच्या हॉटेलात दुबईच्या फ्लॅटचं प्रदर्शन भरलं होतं. ते बघून तो थेट इंदिरानगरला माझ्याकडे आला. हातात जाडजूड गुळगुळीत ब्रोशर, आणि मोबाईलवर त्याच्या पगाराच्या बँकेचा मेसेज: २५ लाखांचं पर्सनल लोन आधीच मंजूर, तारण नको, जामीनदार नको, दहा मिनिटांत खात्यात. चहा ठेवायच्या आतच म्हणाला, "मावशी, बाकी सगळं ठरलंय. पैसे तिकडे कसे पाठवायचे तेवढं तू सांग."

मी बँकेत ३१ वर्षं काढली. त्यातली शेवटची ९ नाशिकच्याच एका शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर. पिंपळगाव, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षवाल्यांचे युरो यायचे ते मी बघितले, मुलांच्या कॉलेजची फी जायची ती बघितली, आणि शेवटच्या काही वर्षांत फ्लॅटसाठी जाणारे पैसेही बघितले. त्यामुळे भाच्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. त्याच्यासारखे आणखी पुष्कळ जण असणार. घर हा आपल्याकडे भावनेचा विषय आहे, आणि परदेशातलं घर म्हटलं की भावना दुप्पट होते. म्हणून आकडे आणि नियम आधी.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं

भारतात राहणाऱ्या माणसाला बँकेचं पर्सनल लोन काढून परदेशात घर घेता येत नाही. व्याज जास्त पडतं किंवा परवडत नाही, हे नंतरचं. मुळात नियमच आड येतो.

भारतातून परदेशात घरासाठी पैसे पाठवायचा सर्वसामान्य माणसाचा रस्ता म्हणजे रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना. या योजनेत प्रत्येकाला एका आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. अल्पवयीन मुलांनाही ही मर्यादा मिळते, सही पालकाची. पण याच योजनेच्या सूचनांमध्ये बँकांना स्पष्ट सांगितलंय की भांडवली व्यवहारासाठी पैसे पाठवायला ग्राहकाला कोणत्याही प्रकारचं कर्ज देऊ नका. परदेशातलं घर, परदेशातले शेअर, तिथल्या खात्यातली ठेव हे सगळे भांडवली व्यवहार.

इथे भाच्याने लगेच विचारलं, "मग शेजारच्यांच्या मुलीला जर्मनीला शिकायला बँकेने कर्ज दिलंच ना?" प्रश्न बरोबर आहे, आणि काउंटरवर तो मला शेकडो वेळा विचारला गेलाय. शिक्षण, उपचार, प्रवास हे चालू व्यवहार. पैसे खर्च होतात, मागे मालमत्ता राहत नाही. त्यांच्यासाठी बँक कर्ज देऊ शकते. तुम्ही फ्लॅट बघायला दुबईला जाऊन यायचं ठरवलं आणि त्या प्रवासासाठी कर्ज काढलं, तरी हरकत नाही. फ्लॅटसाठी मात्र नाही. उसन्या पैशाने देशाबाहेर मालमत्ता उभी करायला सरकार तयार नाही, एवढा त्याचा सरळ अर्थ.

आणि अडचण 'विनातारण' या शब्दात नाही, हेही लक्षात घ्या. भाचा म्हणाला, "बरं, मग पर्सनल लोन नको, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर टॉप-अप घेतो." तेही नाही. सोनेतारण, एफडीवरचं कर्ज, मालमत्तेवरचं कर्ज, सगळी एकाच माळेतली. तारण दिलं म्हणून उसने पैसे स्वतःचे होत नाहीत. क्रेडिट कार्डावर बुकिंगची रक्कम भरायलाही प्रदर्शनातली मंडळी सांगतात. तसं करू नका. कार्ड खरेदीसाठी आणि प्रवासासाठी आहे, मालमत्तेसाठी नाही.

'कुणाला कळणार आहे?'

हा प्रश्न भाच्याने विचारला नाही, पण त्याच्या तोंडावर दिसत होता. प्रदर्शनातल्या एजंटने त्याला सांगितलं होतं, की कर्ज घेताना कारण 'घराची दुरुस्ती' लिहा, पैसे दोन महिने खात्यात राहू द्या, मग पाठवा.

पैसे पाठवताना ए-टू नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात तुम्ही लिहून देता की या रकमेचा स्रोत माझा स्वतःचा आहे आणि हे परकीय चलन निषिद्ध कामासाठी वापरलं जाणार नाही. खाली सही तुमची. एजंटची सही कुठेच नसते. भांडवली व्यवहारासाठी खातं किमान वर्षभर जुनं असावं लागतं. नसेल तर बँक मागच्या वर्षाचं स्टेटमेंट मागते आणि ते मिळालं नाही तर आयकराचं विवरणपत्र. मी टेबलावर होते तेव्हा स्टेटमेंटची शेवटची सहा-आठ पानं आधी उलटायचे. पगार, पगार, विमा, किराणा, पगार, आणि मधेच एक गोल आकडा. २५ लाखांची नोंद, शेजारी कर्ज खात्याचा नंबर. दोन महिने राहू दिली तरी ती नोंद कुठे जाणार?

२०१९ च्या सुमाराचं एक उदाहरण अजून मनात आहे. आमच्याच जिल्ह्यातले एक गृहस्थ, मुलगा परदेशात नाही, नातं नाही, निव्वळ गुंतवणूक म्हणून तिकडे फ्लॅट बुक केलेला. कर्ज दुसरीकडून काढून आमच्या खात्यात आणलेलं. मी विचारलं, हे पैसे कुठले? ते म्हणाले, जमीन विकली. खरेदीखताची नक्कल मागितली तर म्हणाले, उद्या आणतो. ते परत आले ते आठवड्याने, आणि खरं सांगितलं. त्यामुळे मला त्यांचे पैसे पाठवता आले नाहीत. तिकडच्या बिल्डरने बुकिंगची रक्कम परत केली नाही, आणि इकडे कर्जाचा हप्ता सुरू झालेला. माझ्यासमोर बसून त्यांनी दोनदा पाणी मागून घेतलं. त्या दिवशी मी ठरवलं की कुणी विचारलं, तर पैसे कसे पाठवायचे याआधी पैसे कुठून आणायचे हे सांगायचं.

कर्ज एनबीएफसीकडून, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीकडून, किंवा मोबाईल ॲपवरून घेतलं तर चालतं, असाही सल्ला फिरतो, कारण वरची सूचना बँकांना उद्देशून आहे. पण ए-टू वरची सही तीच राहते, 'पैसे माझे' हे वाक्यही तेच. शिवाय कर्जाच्या मंजुरीपत्रात पैसे कशासाठी वापरायचे याची अट असते, ती मोडली की तो आणखी एक करारभंग.

परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे भारतात राहणाऱ्याला परवानगीच्या मार्गाशिवाय परदेशात स्थावर मालमत्ता घेता किंवा बाळगता येत नाही. नियम मोडला तर कलम १३ खाली, रक्कम मोजता येत असेल तर तिच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ३७अ खाली तर परदेशातल्या बेकायदा मालमत्तेच्या किमतीइतकी इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणजे दुबईच्या स्टुडिओपायी पाथर्डी फाट्याचं राहतं घर अडकायचं. हे ऐकल्यावर भाचा पहिल्यांदा गप्प झाला.

हिशेब, जो प्रदर्शनात कुणी मांडला नाही

मी कागद घेतला. फ्लॅट म्हणजे बांधकाम चालू असलेला स्टुडिओ, किंमत ६ लाख दिरहम. हिशेब सोपा पडावा म्हणून १ दिरहमला २३ रुपये धरले. एकूण १ कोटी ३८ लाख. सुरुवातीला २० टक्के, म्हणजे १,२०,००० दिरहम. त्यावर दुबई लँड डिपार्टमेंटची नोंदणी फी किमतीच्या ४ टक्के, म्हणजे २४,००० दिरहम. दोन्ही मिळून १,४४,००० दिरहम, आपले ३३ लाख १२ हजार. त्याच्याकडे ८ लाख होते, बाकी २५ लाख कर्ज.

उरलेल्यासाठी 'महिना फक्त १ टक्का'. हे वाक्य ब्रोशरवर सोनेरी अक्षरांत होतं. १ टक्का म्हणजे ६,००० दिरहम, म्हणजे महिन्याला १ लाख ३८ हजार रुपये. २५ लाखांच्या पर्सनल लोनचा हप्ता, १२ टक्के व्याज आणि ५ वर्षं धरली तर ५५,६११ रुपये. दोन्ही मिळून महिन्याला १ लाख ९३ हजारांच्या वर. त्याच्या हातात पगार येतो १ लाख ३५ हजार. पाच वर्षांत त्या २५ लाखांवर व्याजच ८ लाख ३७ हजार. आणि ताबा मिळेपर्यंत भाड्याचा एक रुपया नाही. कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून.

त्यानंतर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते तो आयकर. परदेशात घरासाठी पाठवलेल्या रकमेवर वर्षाला १० लाखांच्या वर जेवढं जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस कापून घेते. ही १० लाखांची मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ७ लाख होती. ३३ लाख १२ हजारांतले १० लाख गेले, उरले २३ लाख १२ हजार, त्याचे २० टक्के म्हणजे ४ लाख ६२ हजार ४०० रुपये. हा टीसीएस बुडत नाही. आयकर खात्याच्या तुमच्या नावावरच्या कर-उताऱ्यात दिसतो, विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत तो तुमच्या खिशातून गेलेला असतो, आणि पाठवायच्या रकमेव्यतिरिक्त तेवढे पैसे हाताशी हवेत. प्रदर्शनात हा शब्द त्याने ऐकलाच नव्हता.

चलनाचंही सांगते. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ दिरहमला एक डॉलर, १९९७ पासून. म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमपुढेही तेवढाच घसरतो. २०१५ मध्ये डॉलर ६३-६४ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. हातात घर असेल त्याला ही घसरण फायद्याची. ज्याचे पुढचे पाच वर्षांचे हप्ते दिरहममध्ये आहेत आणि पगार रुपयांत, त्याचा हप्ता मात्र दरवर्षी न सांगता वाढत जातो.

ब्रोशरवर गोल्डन व्हिसाचंही, म्हणजे तिथे दीर्घ मुदतीसाठी राहायच्या परवान्याचंही, चित्र होतं. त्यासाठी २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. ६ लाखांच्या स्टुडिओशी त्याचा संबंध नाही.

मग घ्यायचंच असेल तर कसं

परदेशात घर घेणं वाईट, असं माझं म्हणणं अजिबात नाही. कायदा परवानगी देतो, माझ्याच हातून कितीतरी व्यवहार नीट झाले, आणि ती कुटुंबं आज समाधानात आहेत. मात्र सुरुवात पैशाच्या बाजूने करायची, फ्लॅटच्या बाजूने नाही.

पैसे तुमचे हवेत आणि ते तुमचे आहेत हे कागदाने दाखवता यायला हवं. मुदत संपलेली एफडी, विकलेले म्युच्युअल फंड, साठलेला पगार, विकलेला प्लॉट. आई-वडिलांनी, नवरा-बायकोने, भावाबहिणीने दिलेली भेट चालते. जवळच्या नातेवाइकांच्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर नाही. पण भेटीचं साधं पत्र करून ठेवा आणि पैसे बँकेतूनच घ्या. भेट म्हणून दाखवायचं आणि आतून परत करायचं ठरवायचं, हे नको. ते कर्जच झालं.

प्लॉट विकणाऱ्यांसाठी एक मोठा खड्डा आहे. सिंहस्थाच्या तयारीमुळे नाशिकभर जमिनीच्या चर्चा जोरात आहेत, आणि 'इथला प्लॉट विकून तिकडे फ्लॅट घेऊ' असं मला अलीकडे तिघांनी सांगितलं. प्लॉट विकून घर घेतलं की भांडवली नफ्यावरचा कर वाचतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती सवलत भारतातल्या घरासाठीच आहे. २०१४ च्या अर्थसंकल्पानंतर कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. दुबईत, लंडनमध्ये घेतलेल्या घरावर ती मिळत नाही. म्हणजे आधी कर भरा, मग उरलेल्या पैशांत घर बसतंय का बघा. सीएकडे बसून हा एक आकडा काढल्याशिवाय प्लॉटची विसार पावती करू नका.

रक्कम मोठी असेल तर नवरा-बायको दोघांच्या मर्यादा एकत्र करता येतात, पण अट अशी की घर दोघांच्या नावावर हवं. बायकोच्या मर्यादेतून पैसे गेले आणि करारात तिचं नावच नाही, हे चालत नाही. मला हे फार वेळा परत पाठवावं लागलं, आणि खरं सांगायचं तर परत पाठवताना वाईट वाटायचं नाही. तिच्या नावाने पैसे जातात तर घरावर तिचं नाव असायलाच हवं. नवऱ्याने भेट दिलेल्या पैशातून तिचा हिस्सा असेल, तर त्या हिश्श्याचं भाडं आयकरात नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. हेही लक्षात असू द्या.

बँक निवडताना आपली रोजची शाखा परकीय चलनाचं काम करते का ते विचारा. सगळ्या शाखा करत नाहीत. पतसंस्थेतून तर हे काम होतच नाही. बुकिंगच्या आधी कराराचा मसुदा घेऊन त्या टेबलावर बसा. हप्त्यांची खरेदी असेल तर हप्त्यांचं वेळापत्रक दाखवा आणि पुढचे सगळे हप्ते पाठवता येतील ना, हे लेखी विचारा. तोंडी 'हो, होईल' वर विसंबू नका. टेबलावरचा माणूस बदलतो, ई-मेल राहतो.

कागद फार नाहीत. पॅन, ए-टू फॉर्म, खरेदीचा करार, पैसे ज्या खात्यात जायचे त्याचा तपशील, तुमचं विवरणपत्र, आणि पैशाच्या स्रोताचा पुरावा. फॉर्मवर व्यवहाराच्या कारणाचा कोड लिहावा लागतो, परदेशातल्या स्थावर मालमत्तेसाठी तो एस ०००५ आहे. एजंट कधी कधी 'कुटुंबाचा खर्च' किंवा 'भेट' लिहायला सांगतात. चुकीचा कोड म्हणजे खोटं डिक्लरेशन. स्वतः वाचून मगच सही करा.

दराची घासाघीस जरूर करा. बँकेच्या फलकावरचा दर आणि बाजारातला दर यात फरक असतो, आणि मोठ्या रकमेला तो कमी करून मिळतो. १,४४,००० दिरहमवर २५ पैसे कमी झाले तर ३६,००० रुपये वाचतात. चलन बदलण्यावर जीएसटीही लागतो, पण तो अशा रकमेला चौदाशे रुपयांच्या आसपास. तिथे डोकं शिणवू नका, दराकडे बघा.

पैसे एजंटच्या खात्यात कधीही नाही. दुबईत बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाला स्वतंत्र एस्क्रो खातं, म्हणजे फक्त त्या प्रकल्पासाठीच पैसे वापरता येणारं राखीव खातं, ठेवावं लागतं, तसा कायदा २००७ सालचा आहे, कायदा क्रमांक ८. आपण इथे महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प बघतो तसा तिथेही लँड डिपार्टमेंटकडे प्रकल्प आणि त्याचं एस्क्रो खातं तपासता येतं. करारातलं खातं आणि तिथलं खातं जुळलं तरच पाठवा. आपल्या इंडेक्स टू सारखा तिथला बांधकामाधीन फ्लॅटचा नोंदणीचा कागद म्हणजे ओकूद. तो तुमच्या नावाने निघाला की नाही, ते स्वतः बघा. पैसे गेल्यावर स्विफ्टची, म्हणजे बँकेने पैसे पाठवल्याच्या संदेशाची, प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे घर विकून पैसे भारतात आणताना तीच उपयोगी पडते. पैसे पाठवले आणि व्यवहार फिसकटला, तर ती रक्कम तिकडे तशीच पडू द्यायची नाही. १८० दिवसांत गुंतवली गेली नाही तर परत आणावी लागते.

घर झाल्यावर आयकराचं काम दरवर्षीचं. साधा आयटीआर-१ आता चालणार नाही. आयटीआर-२ मध्ये शेड्यूल एफए नावाचा परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो, त्यात हे घर लिहायचं, भाडं येत असो वा नसो. त्या तक्त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजतात, आपल्या मार्चप्रमाणे नाही. न लिहिल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. छोट्या परदेशी मालमत्तांना दंडातून २० लाखांपर्यंतची जी सूट आहे, ती स्थावर मालमत्तेला लागू नाही. दुबईत आयकर नाही म्हणून तिथलं भाडं इथे करमुक्त होतं, हाही गैरसमज आहे. तुम्ही इथे राहता, भाडं इथल्या विवरणपत्रात दाखवायचं, ३० टक्के वजावट मिळते, उरलेल्यावर कर. तिथल्या बँक खात्यांची माहिती सीआरएस या, देशांनी एकमेकांना खात्यांची माहिती कळवायच्या व्यवस्थेतून इथल्या आयकर खात्याकडे येतेच.

मुलगा किंवा मुलगी तिथेच नोकरीला असेल तर

मग गोष्ट निराळी. तिथे राहणाऱ्यावर एलआरएसची बंधनं नाहीत. तो तिथल्या पगारावर तिथल्या बँकेचं गृहकर्ज काढू शकतो. अमिरातीच्या सेंट्रल बँकेच्या नियमाप्रमाणे परदेशी नोकरदाराला पहिल्या घरासाठी, घराची किंमत ५० लाख दिरहमपर्यंत असेल तर, ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं. बांधकाम चालू असलेल्या घराला ५० टक्क्यांपर्यंत. आई-वडिलांनी नाशिकहून कर्ज काढून मदत करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. निवृत्त माणसाने मुलाच्या दुबईच्या घरासाठी इथे पर्सनल लोन काढू नये, हे माझं ठाम मत आहे. मुलाला आणखी दोन वर्षं भाड्याच्या घरात राहता येतं. सत्तरीत हप्ता भरणं अवघड असतं.

कर्ज आधीच काढलं असेल तर

घाबरू नका, पण पैसे हलवू नका. ॲपवरून घेतलेल्या कर्जाला किमान एक दिवसाची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन कर्ज परत करता येतं आणि दंड लागत नाही. कर्जासोबत मिळालेलं केएफएस नावाचं, कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक काढा, ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात ही मुदत, मुदतपूर्व फेडीचं शुल्क आणि सगळे खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. मुदत गेली असेल तर शुल्क देऊन बंद करणं आणि पाच वर्षं व्याज भरणं, यांचा हिशेब मांडून बघा. बहुतेक वेळा लवकर बंद करणंच स्वस्त पडतं. आणि तिकडे टोकन दिलं असेल तर आजच्या आज ई-मेल करून परताव्याची अट विचारा. फोनवर बोलत बसू नका.

भाच्याने कर्ज उचललं नाही. मला बरं वाटलं, पण त्याचं स्वप्न मोडलं असंही मला नको होतं. म्हणून आम्ही दुसरा कागद केला. त्याची बायको कॉलेज रोडला एका शाळेत शिकवते, तिचं स्वतःचं उत्पन्न आहे, विवरणपत्र आहे. घर दोघांच्या नावावर, पैसे दोघांचे. टीसीएसची १० लाखांची मर्यादा प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक आर्थिक वर्षाला वेगळी मिळते. मार्चमध्ये दोघांचे १०-१०, एप्रिलमध्ये दोघांचे १०-१०, असे ४० लाख टीसीएस न कापता जाऊ शकतात. फक्त तसं वेळापत्रक बिल्डरकडून करारात लिहून घ्यायला हवं. तोपर्यंत अडीच-तीन वर्षं साठवायचं, एसआयपी चालू ठेवायची, आणि 'महिना १ टक्का' वाला नाही, ताबा तयार असलेला लहान फ्लॅट बघायचा, म्हणजे भाडं पहिल्या महिन्यापासून.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, शाळेने पगाराची बँक बदलली, माझं नवं खातं आठच महिन्यांचं आहे. वर्ष पूर्ण व्हायची वाट बघू का?" म्हटलं, वाट बघायची गरज नाही, जुन्या बँकेतून मागच्या वर्षाचं स्टेटमेंट शिक्क्यासह काढून फाइलला लाव. ते खातं बंद करायच्या आधी काढ, नंतर चकरा माराव्या लागतात.